शिट्टीचा फोन

सोमवार, ४ मार्च

शिट्टी,

'प्रिय' लिहीत नाही. ते खरं आहे की नाही, हे आज मला ठरवता येत नाही. सहा वर्षांनी पत्र लिहितेय तेही एक प्रश्न विचारायला, तेव्हा आधी प्रश्नच विचारते. शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला तू मला फोन केला होतास का? 'हो' किंवा 'नाही', एवढंच लिहून पाठव. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल. तशी सवय तू मला लावलीच आहेस.

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. लॅब अजून तिथेच आहे, त्याच जिन्याखाली, आणि मी अजून लोकांच्या कवळ्याच बनवते. दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. कुणाच्या तरी वरच्या जबड्याच्या मापात प्लास्टर ओतत होते, आणि ते एकदा कालवलं की कुणासाठी थांबत नाही, बघता बघता दगड होतं. त्यामुळे फोन कोपराने दाबून स्पीकरवर टाकला.

"ताई, मी बोलतोय. फोन ठेवू नकोस. प्लीज ताई."

नुसत्या आवाजावर मी विश्वास ठेवला नसता, एवढी काही मी भोळी नाही. पण मी 'स' ऐकला. "एक म्हातारा समोर आला गाडीच्या, माझी चूक नव्हती, स्टेशनवर बसवून ठेवलंय." त्या प्रत्येक 'स'च्या मागे तीच बारीक शिट्टी, तुझ्या समोरच्या अर्ध्या दाताच्या फटीतून निसटणारी. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून बसलेय. माझे डोळे बांधा आणि दहा गिऱ्हाइकांना बोलायला लावा, कुणाची कवळी सैल झालीय आणि कुणाची घासतेय ते मी बसल्या जागी सांगेन. आवाजाची नक्कल करणारे पुष्कळ असतात. फटीची नक्कल कोण करणार? मला वाटलं, हे तोंड मी ओळखते.

तू मला 'तायडे' म्हणायचास आणि हा 'ताई' म्हणत होता, हे तेव्हाच कानाला खटकलं होतं. पण मीच स्वतःला समजावलं की सहा वर्षं झाली, भांडण झालंय, आता कसला तायडे म्हणतोय.

मग फोन एका वकिलाने घेतला. काय गुळगुळीत बोलत होता मेला! संध्याकाळच्या आत जामिनाची रक्कम भरली नाही तर आत टाकतील म्हणाला. फोन चालूच ठेवायचा, कुणाशी बोलायचं नाही, आणि आईंना तर मुळीच सांगू नका, त्यांच्या तब्येतीला झेपायचं नाही. त्याला माझ्या आईच्या तब्येतीची काळजी! मी प्लास्टरचे हात तसेच फडक्याला पुसले आणि तो सांगेल तसे पैसे पाठवले. तीनदा पाठवले. दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी चार वर्षं साठवत होते ते सगळे. मापातलं प्लास्टर तोवर घट्ट होऊन वाया गेलं होतं.

चौथ्यांदा मागितले तेव्हा मी म्हणाले, त्याला फोन द्या. "ताई, सांगतात तसं कर ना," शिट्टीसकट. मी म्हणाले, आई कशी आहे ते विचारलं नाहीस रे? त्यावर परत, "ताई, सांगतात तसं कर ना." तोच सूर, तोच मधला श्वास, जसाच्या तसा. फोन कट झाला.

तुझा जुना नंबर लावला तर तो बंदच. मावशीकडे नवा असेलही, पण तिच्याकडे मागितला की दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांत दवंडी. तशीच उठून पोलिसांत गेले. तिथल्या सायबर विभागातल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "भावाला फोन करून खात्री केलीत?" मी म्हणाले, माझ्याकडे त्याचा नंबर नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याची मला पैशांपेक्षा जास्त शरम वाटली. एका क्षुल्लक गोष्टीवरून निघून गेलास आणि नंबरसुद्धा बदललास, हे मी त्यांना कुठे सांगत बसू?

आता स्पष्ट लिहिते, कारण मनात ठेवलं तर सडेल. आवाज तुझा होता. शिट्टी तुझी होती. मग एक तर कुणीतरी तुझा आवाज चोरलाय, नाहीतर कुणी काही चोरलेलं नाही आणि मला लुटणारा तूच आहेस. दोन्हींपैकी काय ते कळव.

तुझी बहीण, कागदोपत्री


शनिवार, १६ मार्च

शिट्टी,

उत्तर आलं नाही. न येऊ दे.

तू नव्हतास. काल सायबरवाल्या बाईंनी बोलावलं होतं. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि तू दिसलास. सात वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, तुझ्या लिफ्टच्या कंपनीने नेटवर टाकलेला, अजून तसाच उघड्यावर पडलाय. निळ्या शर्टात उभा राहून तू लोकांना शिकवतोयस: "लिफ्टमध्ये अडकलात तर सगळ्यांनी शांत राहायचं. स्वतः दार ओढायचं नाही. बेल दाबायची आणि बाहेरच्या माणसाशी बोलायचं." सगळे 'स' आणि सगळ्या शिट्ट्या त्यात आहेत. बाई म्हणाल्या, हल्ली एवढंसं बोलणं पुरतं. ते मशीनला ऐकवायचं, मग तुमच्या भावाच्या तोंडून काय वाटेल ते वदवून घेता येतं. माझं नाव, नंबर आणि मी तुझी बहीण असल्याची बातमी त्यांना मावशीच्या फेसबुकच्या पानावरून मिळाली असणार. तिथे आपलं अख्खं घर फोटोसकट मांडून ठेवलेलं आहे.

तेव्हा मागच्या पत्रातला तो लुटल्याचा आरोप मी परत घेते. माफी वगैरे नाही मागत. परत घेते, एवढंच.

मला लोक नेहमी विचारायचे, दिवसभर दुसऱ्यांची थुंकी लागलेली मापं हाताळतेस, किळस नाही येत? कधीच आली नाही. तोंड हे तोंड असतं, धुतलं की स्वच्छ. किळस म्हणजे काय ते आता कळतंय. माझा फोन मी रोज स्पिरिटने पुसते. तो कानाला लावला की वाटतं, कुणीतरी आपल्या घरात शिरून माझ्या भावाचं तोंड अंगावर चढवून बसलंय. लोकांना सावध करायचा तुझा तो व्हिडिओ, त्यातूनच त्यांनी तुझी जीभ उपटून नेली. माणसं मरेनात का, यांना सोयरसुतक नाही. आणि सकाळी उठून हे लोक दात घासत असतील, पोरांना शाळेत सोडत असतील. ओकारी येते.

त्याहून जास्त ओकारी शहाण्यांची येते. ज्या डॉक्टरांसाठी मी कवळ्या बनवते ते म्हणाले, "अहो, तुम्ही तरी! तुम्हाला कळू नये?" मावशीने फोनवर नियमांचा एक लांबलचक मेसेज पाठवला, फुलांच्या चित्रासकट. घराघरातून सल्ले येतायत. मी प्रत्येकाला एकच विचारते, तुमच्या मुलीचा रडण्याचा आवाज ऐकल्यावर तुम्ही नियम आठवत बसाल का? मग गप्प होतात. मेले दोन मिनिटंच गप्प होतात, पण होतात.

परवा आणखी एक फोन. "मॅडम, आपले बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त आधी फी भरायची." म्हणजे एकदा चावून टाकलेलं हाड चाटायला दुसरे कुत्रे आले. बाईंनी याची आधीच कल्पना दिली होती, असल्यांना एक पैसाही द्यायचा नाही. मी त्याला जे बोलले ते तुझ्या बायकोच्या हातात पत्र पडेल म्हणून लिहीत नाही. एक मात्र बरं झालं. त्याच दिवशी तक्रार केल्यामुळे तिसऱ्या वेळचे पैसे बँकेला मध्येच अडवता आले, ते परत मिळतील. लाजेने घरी बसून राहिले असते तर तेही गेले असते.

आईला मी शिकवतेय. कुणीही फोनवर घाबरवलं, घाई केली, कुणाला सांगू नका म्हणाला, की ठेवून द्यायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण उलट करायचा. तिला हे शिक्षण भलतंच आवडलंय. बँकेच्या खऱ्या माणसाचा ठेवला. डॉक्टरांचा ठेवला. मावशीचा तर दोनदा ठेवला. "ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस हं. मग मी ठेवला. तूच म्हणालीस ना?"

पण तुझ्या फोनबद्दल ती काही ऐकत नाही.

"काय म्हणाला तो?"

"आई, तो नव्हताच. मशीन होतं."

"आवाज त्याचाच होता ना?"

"आवाज त्याचा, पण..."

"मग आवाजाने काय सांगितलं ते सांग. बरा वाटत होता का?"

सहा वर्षांनी तिच्या मुलाचा आवाज घरात आला, एवढंच तिला कळलंय. त्या चोरांनी माझे पैसे नेले. हिला जाताना आशा देऊन गेले, त्याचा राग मला जास्त आहे.

व्हिडिओ मी घरी येऊन परत पाहिला. पुष्कळदा पाहिला. तेव्हाच केस किती गेले होते तुझे, मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

बहीण


गुरुवार, २८ मार्च

शिट्टी,

तुझ्या बायकोचं कार्ड आलं. तिने लिहिलंय ते उतरवते, म्हणजे तुला न सांगता पाठवलं असेल तरी कळेल: "ताई, तुमची दोन्ही पत्रं ह्यांनी वाचली. काही बोलले नाहीत. ह्यांचा फोन नंबर खाली देते. आणि एक, तुम्ही शिट्टी शिट्टी लिहिलंय, पण ती आता नाही. तुम्ही पाठवलेली कॅप ह्यांनी पाच वर्षांपूर्वीच बसवून घेतली. छान बसलीय."

मी ते कार्ड लॅबच्या स्टुलावर बसून वाचलं. मग दाराला आतून कडी लावली.

तू कॅप बसवलीस. कापसात गुंडाळून गोळ्यांच्या डबीतून मी पाठवलेली, सोबत चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत. मी तर धरूनच चालले होते की तू ती गटारात फेकली असशील. म्हणून तर मी फसले, लक्षात येतंय का तुला? फोनवर शिट्टी ऐकली तेव्हा कुठल्याही शहाण्या बाईने म्हटलं असतं, मी माझ्या हाताने त्याचा दात बनवून पाठवलाय, मग शिट्टी कशी वाजेल? दातांचं काम करणाऱ्या बाईला तर हे झोपेतही सुचायला हवं. मला क्षणभरही सुचलं नाही. उलट मनात आलं, बघा, फेकलीच ना कॅप, मला माहीतच होतं. तो चोर खरा वाटायला तुझ्याबद्दल वाईट मत असावं लागत होतं, आणि ते माझ्याकडे तयार होतं. सायबरवाल्या बाईंना हे सांगितलं नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, क्षुल्लक गोष्टीवरून तू निघून गेलास. ते खोटं होतं. गोष्ट क्षुल्लक नव्हती, आणि ती तू नव्हे, मी केली होती.

तुला आठवतंच असेल, पण मला एकदा माझ्या हाताने लिहू दे. त्या दिवशी तू कॅपचा रंग जुळवायला लॅबमध्ये आला होतास. बत्तीस वर्षांचा हट्ट मोडून कसाबसा तयार झाला होतास तू. आई बाकावर बसली होती, तुझी बायको दाराशी. तू म्हणालास, नोकरी सोडून स्वतःचं लिफ्ट दुरुस्तीचं दुकान टाकणार. मला भीती वाटली आणि मी भीती वाटली की ओरडते. म्हणाले, "लहानपणापासून असाच तू. सांगितलेलं ऐकायचं नाही, तोंडावर पडायचं आणि मग बाकीच्यांनी निस्तरायचं. तो दात कसा तुटला ते विसरलास वाटतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. आईकडे नाही, बायकोकडे नाही. मग रंगाच्या नमुन्यांची पट्टी नीट टेबलावर ठेवलीस आणि बायकोला म्हणालास, चल.

मला वाटलं, आता बोलेल. तू बोलला नाहीस. मी तोंड उघडायला हवं होतं, मीही उघडलं नाही. सहा वर्षं आई मला विचारतेय की त्या एवढ्याशा बोलण्यावरून तो का गेला असेल, आणि मी खांदे उडवते.

दात कसा तुटला? सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर आहे: झोक्यावर उभा राहिला आणि पडला. आईने तेच ऐकलं, बाबा तेच ऐकून गेले. मावशीने तर तुझ्या वाढदिवसाला जुन्या फोटोखाली लिहून ठेवलंय, 'झोक्यावर उभं राहून दात पाडून घेणारा आमचा शिट्टी'. जगातला कुठलाही चोर ते वाचू शकतो.

तू झोक्यावर बसला होतास. उभा नव्हतास. बसायची माझी पाळी आली होती आणि तू उठत नव्हतास. झोका मागे आला तेव्हा मी दोन्ही हातांनी तुला ढकललं आणि तू तोंडावर लोखंडी खांबाला आपटलास. मी बारा वर्षांची होते, तू आठ. तुला घरी नेताना वाटेत मीच ते वाक्य रचलं, आणि तुझ्या तोंडाला माझा रुमाल धरून तुला विचारलं, असंच सांगायचं ना? रक्ताने भरलेल्या तोंडाने तू मान हलवलीस. तुला बाबांनी मारलं. महिनाभर बाग बंद. आणि भावाला सांभाळून घरी आणलं म्हणून माझं कौतुक. पुढे तू बोलायला लागलास की फटीतून हवा जायची, म्हणून तुला 'शिट्टी' नाव ठेवणारी कोण? तीही मीच.

चोरांची किळस येते म्हणून दोन पत्रं भरली मी. दुसऱ्याच्या तोंडात आपलं खोटं घालून आपण साव राहायचं, हे मी बाराव्या वर्षी केलं होतं आणि मशीनशिवाय केलं होतं. ही किळस स्पिरिटने जात नाही, करून बघितलं.

असो. कामाचं लिहिते. बाई म्हणाल्या, घरच्यांनी आपसात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा. ज्याचं उत्तर नेटवर नाही, फोटोखाली नाही, कुठल्याही तिसऱ्याला माहीत नाही. मी खूप विचार केला. आपल्या घरातलं सगळं मावशीने छापून टाकलंय. एकच गोष्ट उरलीय. कुणी तुझ्या आवाजात बोललं तर मी विचारेन, दात कसा तुटला. जो 'झोक्यावर उभा राहिलो आणि पडलो' म्हणेल तो चोर. त्याच क्षणी फोन ठेवणार. खरं सांगेल तो तू.

नंबर कार्डावर आहे, पण मी तुला फोन करणार नाही. माझा माझ्या कानांवरचा विश्वास उडालाय, आणि करून बोलायचं तरी काय ते अजून जुळवलेलं नाही. हे पत्र आज टाकतेय. वाचून फाडून टाक.

बहीण


मंगळवार, २ एप्रिल

तुला हाक काय मारायची हेच कळत नाहीये. शिट्टी म्हणवत नाही आता. घरचं दुसरं नाव मी तुला कधी पडूच दिलं नाही.

शनिवारी तू फोन केलास. माझं तिसरं पत्र तेव्हा टपालातच असणार, दोन दिवसांत ते काही तुमच्याकडे पोचत नाही. बायकोने कार्ड पाठवल्याचं तुला सांगितलं असेल, दोन-तीन दिवस घुम्यासारखा बसला असशील, आणि मग केलास. सगळं नंतर सुचलं. सुचायला हवं होतं तेव्हा मी बाराव्या गिऱ्हाइकाची कवळी घासत होते आणि आई बाकावर पेंगत होती.

"तायडे," म्हणालास.

साधा, स्वच्छ आवाज. शिट्टी नाही. कान फुटके असल्यासारखी मी ऐकत राहिले. मी बनवलेल्या दाताआडून येणारा तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. बघ, ज्याच्या तोंडात शिट्टी होती त्या चोराला मी ओळखलं, आणि तुला नाही.

"तायडे, ऐकतेस का? आई बरी आहे ना?"

आई कशी आहे ते तू आधी विचारलंस. तायडे म्हणालास. या दोन्ही गोष्टी त्या मशीनला जमल्या नव्हत्या, आणि मला त्या पुरायला हव्या होत्या. पण डोक्यात एकच बसलं होतं, प्रश्न विचारायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, मी थेट म्हणाले, "दात कसा तुटला?"

घासायचं मशीन चालूच होतं, मी ते बंदही केलं नव्हतं. मग तू हळूच म्हणालास, "झोक्यावर उभा राहिलो होतो. पडलो."

मी फोन ठेवला.

आईने डोळे उघडले. "कोण होतं?"

"कुणी नाही. फसवणारे."

"ठेवलास ना?"

"ठेवला."

"शाबास," म्हणाली, आणि परत पेंगायला लागली.

मग मी कार्ड काढून नंबर पडताळला. तोच होता. नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो म्हणतात, म्हणून शिकल्याप्रमाणे मी उलट फोन केला. तीनदा केला. तू उचलला नाहीस. का उचलशील? सहा वर्षांनी माणूस स्वतःहून बोलायला येतो, त्याला हिने तोच प्रश्न परत विचारला, तोच दात परत तोंडावर फेकला आणि फोन आपटला. तुझ्या जागी मी असते तर नंबर बदलला असता. कृपा करून बदलू नकोस.

आता तुला पत्र मिळालं असेल आणि मी का विचारलं ते कळलं असेल. पण मला दुसरंच काहीतरी कळलंय आणि त्याने मला तीन दिवस जेवण जात नाही. तुझी चूक नव्हती. तुला खुणेचं काही माहीत नव्हतं. तुला कुणीही विचारलं, मी विचारलं, तरी तुझ्या तोंडून तेच येतं. अडतीस वर्षं येतंय, आणि सहा वर्षांपूर्वी लॅबमध्ये तू खरं बोलला नाहीस तेही मला वाचवायलाच. तिथे बायको होती, आई होती, तुला फक्त दोन शब्द बोलायचे होते आणि मी संपले असते. आणि शनिवारीही, एकटीच मी फोनवर, दुसरं कुणी ऐकत नाही, तरी तू मला झाकलंस. ज्या उत्तरावरून चोर ओळखायचं मी ठरवलं ते उत्तर द्यायला जगात चोरांशिवाय एकच माणूस होता, हे मला सुचू नये! दात ओळखणारी बाई म्हणे.

ऐक. रविवारी, सात तारखेला, सकाळी अकरा वाजता मी फोनजवळ बसेन. मशीन बंद असेल, हात धुतलेले असतील. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. बोलायला तोंड उघडलं की माझ्या घशात तेच जुनं वाक्य येतं, इतकं ते घट्ट बसलंय. त्यामुळे मला तुझी मदत लागणार आहे. आधीही फुकट घेतली, आता मागून घेते.

फोन स्पीकरवर असेल आणि आई शेजारी असेल. मी विचारेन, दात कसा तुटला. तू जे खरं तेच सांग, 'तू ढकललंस' एवढंच म्हण, मोठ्याने, आईला कमी ऐकू येतं. पुढचं मी सांगेन.

या वेळी मला वाचवू नकोस.

तायडी